निशिगंधाचा बारावा सोमवार

तुमच्या ओळखीत एखादी जाड बाई असेलच. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली, मूल नसलेली. तिला तुम्ही शेवटचं काय विचारलंत? "काय गं, काही गोड बातमी?" की "घे गं, अजून एक लाडू घे"? की दोन्ही एका दमात? लाजू नका. मी जयपुरातल्या मराठी बायकांत अठ्ठावीस वर्षं वावरतेय, दोन्ही एका दमात म्हणणाऱ्या पुष्कळ पाहिल्यात. त्यातल्या बऱ्याच जणी पदवीधर आहेत. मी दहावी नापास. नवरा फौजेत होता, त्याच्या बदलीबरोबर इथे आले आणि बायकांना दवाखान्यात नेता-आणता जे कळलं तेवढंच मला कळतं. पण तेवढं तरी कळतं.

आता निशिगंधाचं सांगते. तिला विचारूनच सांगते. नाव बदलू का म्हटलं, तर म्हणाली, "काकू, लपवून लपवूनच तर एवढं झालं."

ती मूळची मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि ही तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. दिवसाला साठ-सत्तर जणांचं रक्त काढायची. "लहान पोरंसुद्धा रडायची नाहीत माझ्याकडे," असं अजून ऐटीत सांगते. लग्न झालं अमेयशी. तो विमा कंपनीत अधिकारी. चार वर्षांपूर्वी त्याची बदली जयपूरला झाली. शास्त्री नगरात भाड्याचं घर घेतलं, खाली घरमालकीण भाभीजी, वर हे तिघं: अमेय, निशिगंधा आणि सासूबाई रत्नप्रभाबाई. इथेही लॅब काही कमी नाहीत, पण "आधी घरात पाळणा हलू दे, मग नोकरीचं बघू," असं रत्नप्रभाबाईंनी सांगितलं आणि विषय मिटला. लग्नात अठ्ठावन्न किलो असलेली पोरगी दिवसभर घरात बसून त्र्याऐंशीवर गेली. उंची पाच फूट एक इंच.

मूल होईना, तेव्हा त्या शिकल्यासवरल्या घरात आधी काय सुरू झालं असेल? उपास! गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. आपला उपास म्हणजे काय, हे मराठी माणसाला मी काय सांगू? तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी, त्यावर दाण्याचं कूट, बाजूला बटाट्याचा कीस, आणि मधेच भूक लागली तर राजगिऱ्याचा लाडू. एकादशी नि दुप्पट खाशी, हे आपलेच लोक सांगून गेले. आपण म्हण पाठ केली आणि खिचडी खात बसलो.

एवढ्यानं भागेना म्हणून सोळा सोमवार धरले. या व्रतात दर सोमवारी अच्छेर कणकेचा, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा थोड्या कमी कणकेचा, तूप-गूळ घालून चुरमा करायचा. त्याचे तीन भाग. एक देवळात, एक ब्राह्मणाला, एक घरच्यांनी खायचा. त्या दिवशी मीठ नाही, दुसरं काही नाही, चुरमाच. मिरजेत हे ठीक असतं, तिथे चुरमा घ्यायला चार हात पुढे येतात. जयपुरात चुरम्याचं कौतुक कुणाला? देवळातल्या पुजाऱ्यानं दुसऱ्याच सोमवारी हात जोडले. "बहूजी, हमारे यहाँ तो रोज़ चूरमा ही आता है." आणि दोन्ही डबे जवळजवळ तसेच परत. रत्नप्रभाबाईंना डायबिटीस, त्या बोटभर चाखायच्या. अमेय म्हणायचा, "मतलब, मला गोड चालत नाही गं." प्रसाद टाकायचा तर नाहीच. राहिलं कोण?

तिन्ही भाग एकाच पोटात जायचे. दर सोमवारी, आणि उरलं तर मंगळवारीही.

त्यात रत्नप्रभाबाईंचा नियम असा, की मधे एखाद्या सोमवारी पाळी आली की झालेले सोमवार गेले. पुन्हा एकपासून.

पहिल्या खेपेला निशिगंधा चौदा सोमवारांपर्यंत पोचली. घरात केवढा आनंद! सासूबाईंनी मिरजेला फोन करून सांगितलं, "देव कुठे आडवा येत नाही बघ, चौदा सोमवार झाले, एकदासुद्धा अडचण नाही." अहो, तिची पाळी बंद पडली होती! सव्वातीन महिने पाळीच नाही, आणि दिवसही राहिलेले नाहीत. हा आजार होता, आणि घरात त्याला कृपा म्हणत होते. पंधराव्या सोमवारी पहाटे रक्त सुरू झालं. एकपासून. दुसऱ्या खेपेला पाचव्यालाच मोडलं. एकपासून. पुन्हा पहिला चुरमा, पुन्हा वजन वर, वजन वर गेलं की पाळी आणखी बिघडलेली, पाळी बिघडली की व्रत मोडलेलं. घाण्याला जुंपलेला बैलसुद्धा संध्याकाळी सुटतो.

मधे एकदा चकचकीत काचेच्या एका खासगी दवाखान्यातही नेलं होतं. तिथल्या डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "पहले वज़न कम कीजिए, फिर आइए." रक्त तपासलं नाही, सोनोग्राफी नाही, कसं कमी करू याला उत्तर नाही. जाड बाई समोर बसली की काही डॉक्टरांना वाटतं, निदान दारातून आत येतानाच झालं. ती पुन्हा गेली नाही. मीही गेले नसते.

माझी तिची गाठ पडली ती गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला. बनी पार्कात एका घरी होतं, मंगळवारी दुपारी. पन्हं, आंब्याची डाळ, भिजवलेल्या हरभऱ्याची ओटी. भाड्यानं आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर पांढरी कव्हरं. मंडळाच्या अध्यक्षा प्रतिमाताई, बँकेतल्या मोठ्या साहेबांच्या मिसेस. निशिगंधा बसायला गेली तशी या म्हणाल्या, "अगं, बघून बस हं, खुर्ची मंडळाच्या नावावर आणलीय!" सगळ्या हसल्या. निशिगंधाही हसली. हसावंच लागतं.

मग प्रतिमाताईंनी पिशवीतून डबा काढला. "खास तुझ्यासाठी. डिंकाचे लाडू. पोटाला ताकद हवी ना, तर काही धरेल."

डिंकाचा लाडू, जयपुरात, एप्रिल महिन्यात! बाहेर कावळा सावली शोधत होता. आणि डिंकाचा लाडू बाळंतिणीला देतात, हे पाचवीतल्या पोरीला माहीत असतं. बाळंतिणीचं खाणं आगाऊ चारलं की बाळ मागून येतं, असं काही यांचं शास्त्र असावं. तिनं दोन खाल्ले.

ओटी घ्यायला उठली आणि मागच्या पांढऱ्या कव्हरवर रक्ताचा डाग. छोटा नव्हता.

प्रतिमाताईंनी पहिलं काय केलं माहीत आहे? कुंकवाचं ताट उचललं आणि दोन पावलं मागे सरल्या. "बाई बाई, गौर बसलीय इथे." पोरीला आधार द्यायला एक हात पुढे आला नाही. मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. तिला दंडाला धरून न्हाणीघरात नेलं. हात थंडगार, ओठ पांढरे.

"किती दिवस चाललंय?"

"एकोणीस."

"एकोणीस? आणि घरात?"

"आईंना सांगू नका काकू, पाया पडते. काल बारावा झाला."

"काय बारावा?"

"सोमवार."

मला उलगडायला वेळ लागला. दहावा, अकरावा, बारावा, तीन सोमवार ही पोरगी रक्त जात असताना, दोन-दोन पॅड लावून, पूजेला बसली होती. कुणाला कळू दिलं नाही. कळलं तर एकपासून. चार सोमवार राहिले होते. चार सोमवार झाले की मूल होणार, असं तिला सांगण्यात आलं होतं.

मी रिक्षा बोलावली आणि तिला तशीच सरकारी दवाखान्यात नेली. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. लगेच भरती करून घेतलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. कागद हातात आला तेव्हा तिनं तो लॅबवालीच्या नजरेनं वाचला, आणि विचित्र हसली. "काकू, मिरजेत एखादीचा असा रिपोर्ट आला असता ना, तर मी डॉक्टरांना धावत जाऊन फोन केला असता."

"मग स्वतःचं कधी तपासायचं सुचलं नाही?"

"आपलं कोण तपासतं?"

सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर नको तेवढं जाड दिसलं. साखर वाढलेली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिथली डॉक्टर तरुण होती, झोप न झालेली, पण खुर्ची ओढून खाटेजवळ बसली आणि नीट समजावून सांगितलं. माझ्या भाषेत सांगते. अंगावरची चरबी गोणीत भरून ठेवलेल्या पिठासारखी गप्प पडून राहत नाही. ती स्वतः इस्ट्रोजेन तयार करते. शिवाय वजन वाढलं की अंगात इन्सुलिन वाढतं, आणि ते अंडाशयाला बिथरवतं. बीज पिकून बाहेर पडत नाही. बीज बाहेर पडलं नाही तर मूल कुठून? आणि पाळीही वेळेवर येत नाही, मग अस्तर महिनोन्महिने जाड होत राहतं, आणि एक दिवस असं ढासळतं की रक्त थांबत नाही. वर्षानुवर्षं तसंच चालू दिलं तर कधी कधी त्याचा कॅन्सरही होतो. तिशीतल्या बाईलासुद्धा. दिवस राहिले तरी गर्भपात, रक्तदाब, गरोदरपणातली साखर, या सगळ्याची भीती वाढते.

"पण आमच्या घरमालकीण भाभीजी नव्वद किलोच्या आहेत, त्यांना तीन मुलं," निशिगंधा म्हणाली.

डॉक्टर हसली. म्हणाली, पुष्कळ जाड बायकांना सहज दिवस राहतात, आणि सडपातळ बायकांनाही हा आजार होतो. म्हणून तर बघून ठरवायचं नसतं, तपासून ठरवायचं. आणि मग ती बोलली ते ऐकून निशिगंधा पहिल्यांदा रडली. "मैं आपको पच्चीस किलो घटाने को नहीं कह रही. चार से आठ किलो. बहुतों का चक्र उतने में ही लौट आता है."

चार ते आठ किलो! इतक्या वर्षांत तिला कुणी आकडा सांगितला नव्हता. "कमी कर" एवढंच. पंचवीस किलोचा डोंगर बघून कुणीही खालीच बसेल.

रक्त थांबवायच्या गोळ्या दिल्या, आणि अस्तराचा तुकडा तपासायला काढायचं ठरलं. तारीख मिळाली पुढच्या सोमवारची. तेराव्या.

शुक्रवारी घरी सोडलं, रविवारी मी शास्त्री नगरात गेले. रत्नप्रभाबाई देवघरासमोर बसलेल्या. मला बघून उठल्याही नाहीत.

"तीन सोमवार देवाला फसवलंन हिनं," त्या म्हणाल्या. "विटाळात पूजा केली. आता एकपासून. आणि उद्या कुठेही जाणं नाही."

"उद्या नाही गेली तर कॅन्सर आहे की नाही ते कळणार नाही, रत्नप्रभाबाई."

"शुभ बोला."

"शुभ बोलून रिपोर्ट बदलतो का? बरं, मला सांगा, तुम्ही केले होते सोळा सोमवार?"

"केले की. अमेयच्या वेळी."

"सलग?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे साडेतीन महिन्यांत तुम्हाला एकदाही सोमवारी पाळी आली नाही?"

अमेय लॅपटॉपवरून डोळे काढून आईकडे बघायला लागला. म्हातारी निरांजनाची वात पुढे सारत म्हणाली, "आली होती. दोनदा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, तो सोमवार सोडायचा, पुढचा धरायचा."

"मग हिला एकपासून का?"

"हिला मूल होत नाही म्हणून! जरा कडक नको?"

ऐकलंत? स्वतःला सवलत, सुनेला शिक्षा, आणि वर देवाचं नाव. मी म्हटलं, "बाई, डोकं चालवा थोडं. जिची पाळी महिन्याच्या महिन्याला येते तिचा एखाददुसरा सोमवार त्यात सापडणारच. तुमच्या नियमानं सलग सोळा कोण करणार? जिची पाळी कायमची गेलीय ती, नाहीतर पोटुशी, नाहीतर आजारी. तुम्ही घरात आजारी बाईच निवडून काढणारं व्रत लावलंत."

अमेय म्हणाला, "काकू, मतलब, आईचा हेतू वाईट नाही."

"तू बोलू नकोस. तुझी तपासणी झाली?"

"माझी? मला काय झालंय?"

"तेच विचारतेय. वजन किती तुझं?"

"अठ्ठ्याण्णव. पण पुरुषांचं..."

"पुरुषांचं काय? तुला सोळा सोमवार का नाही लावले आईनं?"

कानापर्यंत लाल झाला. अठ्ठ्याण्णव किलोचा नवरा "चांगला भरलाय", आणि त्र्याऐंशीची बायको "सुटलीय", हा तराजू कुठल्या बाजारात मिळतो ते मला कुणी सांगावं.

मी अजून बरंच बोलले असते. पण निशिगंधा आतून आली. अंगात ताकद नव्हती, भिंतीला धरून उभी राहिली, आणि आवाज मात्र लॅबमध्ये नाव पुकारावं तसा. "आई, मी बारा केले. नऊ तुमच्या नियमानं, तीन माझ्या. उद्या तेरावा, तो मी दवाखान्यात करणार. तुम्हाला एकपासून हवे असतील तर तुम्ही करा. चुरमा मी करून देईन. खायचा मात्र तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधा चप्पल घालत होती तेव्हा देवघरातून आवाज आला, "अमेय, तू सोबत जा. तिला एकटीला नको पाठवू." माझ्याकडून रत्नप्रभाबाईंना एवढे मार्क. त्याहून जास्त नाही.

तुकड्याचा रिपोर्ट आला. अस्तर वाढलेलं, पण कॅन्सर नाही. हार्मोनच्या गोळ्या सहा महिने. लोहाच्या गोळ्या. आणि एक वही, लॅबवालीच्या रेघा मारून: तारीख, पाळी, वजन, साखर. पहाटे बागेत चालणं सुरू झालं. भाभीजी गॅलरीतून ओरडायच्या, "बहू, किसके पीछे भाग रही हो?" ही खालून सांगायची, "अपने ही पीछे, भाभीजी!" महिन्याभरात भाभीजीही बरोबर जायला लागल्या. उपास सुटले, म्हणजे खिचडी सुटली. सोमवारी देवळात जाते, बेल वाहते, घरी येऊन भाकरी, डाळ, पालेभाजी, काकडी खाते. देवाची आजवर तक्रार आलेली नाही.

सोपं नव्हतं, आणि मी खोटं लिहिणार नाही. दोन महिने काटा हललाच नाही. दिवाळीत दोन किलो परत आले, रागानं तिनं वही कपाटावर फेकली, मीच खुर्चीवर चढून काढली. पण या मार्चमध्ये वजन शहात्तर. सात किलो गेले. हिमोग्लोबिन अकराच्या वर. पुन्हा काढलेला तुकडा साफ. गोळ्या संपल्यावर पाळी आपली आपण आली, एकतीस दिवसांनी, मग तीस. दुसऱ्या वेळी तिनं मला सकाळी सातला फोन केला, "काकू, आली!" मूल हवं असून पाळी आली म्हणून एवढी आनंदलेली बाई मी जगात दुसरी पाहिली नाही.

अमेय तपासणीला गेला. जायला पाच महिने लागले, दवाखाना दोन किलोमीटरवर. त्याच्या शुक्राणूंचा आकडा कमी निघाला. डॉक्टरांनी त्यालाही वजन, झोप आणि पान-मसाला यावर ऐकवलं. तोही आता बागेत दिसतो, बायकोच्या मागे पन्नास पावलं, धापा टाकत. बिघाड दोघांतही होता, चुरमा मात्र एकटीनंच खाल्ला, बघा.

मूल? अजून नाही. तुम्हाला शेवटी पाळणा हवा होता ना? नाही देणार. प्रयत्न चालू आहेत, डॉक्टर म्हणतात आता शक्यता चांगली आहे, एवढंच खरं आहे. ती सध्या घराजवळच्या एका लॅबमध्ये सकाळचे चार तास जाते.

यंदाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी गेलो. तीच प्लॅस्टिकची खुर्ची, तीच पांढरी कव्हरं. प्रतिमाताई डबा घेऊन आल्याच. "अगं, किती बारीक झालीस! मग, काही गोड बातमी? घे, डिंकाचा लाडू घे."

निशिगंधानं डबा त्यांच्या हातात परत दिला. "काकू, तुमच्या धाकट्या सुनेची पाळी वेळेवर येते का?"

"अगं, असं काय चारचौघींत विचारतेस!"

"तुम्ही मला चारचौघींतच विचारलंत."

कोपऱ्यात प्रतिमाताईंची सून प्रणाली बसली होती. सव्वीसची, गोल चेहऱ्याची, हनुवटीवर केस आलेले ओढणीनं झाकणारी. तिनं मान वर केली आणि हळूच, नाही अशी हलवली. मी पाहिलं. निशिगंधानं पाहिलं. प्रतिमाताईंनी पाहिलं की नाही, देव जाणे. पुढच्या सोमवारी निशिगंधा तिला दवाखान्यात घेऊन गेली.

तर बाई, आणि बुवा, हे वाचणारे तुम्ही जे कुणी असाल ते. तुमच्या घरात, तुमच्या मंडळात अशी एक आहे. तिला लाडू देऊ नका, गोड बातमी विचारू नका, वजनाचा विनोद करू नका. बाजूला घेऊन एवढंच विचारा, की पाळी वेळेवर येते का. नाही म्हणाली, तर येत्या सोमवारी तिच्याबरोबर दवाखान्यात जा, तिच्या नवऱ्यालाही घेऊन जा, आणि नंबर लागेपर्यंत तिच्या शेजारी बाकावर बसून राहा.